माळ घालण्याआधी

वाई

चि. बाळ यास,


तुझं पत्र परवा मिळालं. हल्ली हातानं लिहून पत्र कुणी पाठवत नाही, त्यामुळे पाकीट हातात घेतलं तेव्हाच वाटलं, फोनवर बोलता येणार नाही असं काहीतरी यात आहे. दोनदा वाचलं. रात्री अंथरुणावर पडल्यावर पुन्हा आठवलं आणि उठून दिवा लावून तिसऱ्यांदा वाचलं.

आबा थकलेत, असं तू लिहितोस. यंदा पालखीबरोबर लोणंद ते तरडगाव एवढाच एक टप्पा त्यांना चालवला, तोही तुझ्या खांद्याच्या आधारानं. चांदोबाच्या लिंबाला उभं रिंगण झालं, अश्व धावले, आणि गर्दी पांगल्यावर त्यांनी तुला बाजूला घेऊन सांगितलं, की कार्तिकीला आळंदीला जाऊ, तुझ्या गळ्यात माळ घालू, म्हणजे मी मोकळा झालो. तू 'बरं' म्हणालास. आणि तेव्हापासून तुझी झोप उडाली आहे.

तुझा विश्वास नाही. अक्का, तुझी आजी, गेल्यापासून दोन वर्षं तू दर शनिवारी पुण्याहून गाडी काढून लोणंदला जातोस, आबांशेजारी बसून हरिपाठ म्हणतोस, तो त्यांना घर खायला उठू नये म्हणून. आबांना वाटतं, नातू मार्गाला लागला. आता तू मला विचारतोस, माळ घालून घेतली, पुण्यात आल्यावर काढून खणात ठेवली, रविवारी मित्रांबरोबर मटण खाल्लं, तर कुणाचं काय बिघडलं? म्हाताऱ्या माणसाला समाधान मिळत असेल, तर त्याला ढोंग म्हणायचं का?

आधी एक सांगते. दोन वर्षं तू म्हटलेल्या हरिपाठात मला काही वावगं दिसत नाही. आपल्याकडे देवापुढं उभं राहणाऱ्याला 'तुझा विश्वास आहे का' असं दारात कुणी अडवून विचारत नाही. गणपतीत आरतीला सगळं घर उभं राहतं, झांज ज्याच्या हाताला लागेल तो वाजवतो, आणि त्यातलं कोण किती मानतं याचा हिशोब कुणी ठेवत नाही. वारीत तर नाहीच नाही. तिथं तू चालतोयस एवढं पुरतं. समोरचा 'माऊली' म्हणून तुझ्या पाया पडतो, तू त्याच्या पडतोस, आणि दोघं पुढं निघता. इरावतीबाई कर्वे मानववंशशास्त्राच्या अभ्यासक. त्या दिंडीबरोबर पंढरपूरला चालत गेल्या आणि त्यावर त्यांनी 'वाटचाल' हा लेख लिहिला. दिंडीतल्या बायांची माया त्यांनी जीव ओतून लिहिली आणि एका दिंडीत ब्राह्मण आणि मराठा यांच्या पंगती वेगळ्या बसतात, याचं दुःखही लपवलं नाही. मोठी भक्त असल्याचा आव त्यांनी आणला नाही, आणि वही घेऊन कडेलाही उभ्या राहिल्या नाहीत. चालल्या.

आमच्या वाईतही एक उदाहरण आहे. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी प्राज्ञपाठशाळेत वेदविद्या शिकले, धर्मकोशाचे खंड त्यांनी संपादित केले, आणि त्याच माणसानं 'हिंदुधर्माची समीक्षा' लिहिली. शास्त्र येतं, मंत्र येतो, म्हणजे ते मानलंच पाहिजे असं नाही, आणि मानत नाही म्हणून तोंड फिरवलं पाहिजे असंही नाही, हे या गावानं डोळ्यांनी पाहिलंय. म्हणून आबांशेजारी बसून टाळ धरणं, त्यांची पिशवी उचलणं, त्यांच्या तोंडून निसटलेला चरण आपण पुरा करणं, याचा तू मनाला डंख लावून घेऊ नकोस. ती सोबत आहे. तू आबांवर प्रेम करतोस हे खरं आहे, आणि ते तू त्यांना दाखवलंस.

माळेचं तसं नाही.

दाजींनी, म्हणजे तुझ्या आबांनी, स्वतः माळ कधी घातली ते मला आठवतं. अक्काच्या लग्नाला तेव्हा दोनच वर्षं झाली होती. त्याआधी घरात सणासुदीला कोंबडं शिजायचं. दाजींनी माळ घातली आणि ते थांबलं. एकादशी आली, दरवर्षीची वारी आली. शेतातली कामं अर्धी टाकून जावं लागे म्हणून त्यांच्या वडिलांशी वाद झाले. एकदा दुखणं आलं आणि कुणीतरी अंड्याचं औषध सुचवलं, तेव्हा 'माळ आहे गळ्यात' एवढंच म्हणून त्यांनी मान फिरवली. पन्नासहून जास्त वर्षं त्या तुळशीच्या मण्यांनी त्यांचं ताट, त्यांचं कॅलेंडर, त्यांची जीभ सांभाळली. आता ते तुला जे देऊ पाहतात, ते हे सगळं आहे. तुझ्या गळ्यात ते एक वचन बांधणार आहेत, आणि ते तुझ्याकडून पाळलं जाईल या भरवशावर स्वतः मोकळे होणार आहेत.

आता माझी गोष्ट सांगते. ही मी दोघींना सोडून कुणाला सांगितलेली नाही, त्यातली एक तुझी आजी.

आमच्या घरचे देव म्हणजे चांदीचे पाच टाक. खंडोबा, भवानी, जोतिबा आणि दोन पूर्वजांचे. रीतीप्रमाणे ते थोरल्या घरी, म्हणजे माझ्या मोठ्या जाऊबाईंकडे जायचे. पण सासूबाई शेवटची सात-आठ वर्षं आमच्याजवळ वाईत होत्या, त्यांच्याबरोबर देवही आमच्याकडं आले. मी शाळेत इतिहास शिकवायची. देवाचं मला काही वाटत नव्हतं. लहानपणापासूनच नव्हतं, त्यात कुणाशी भांडण किंवा बंड असं काही नव्हतं. पण सासूबाईंचे गुडघे धरले तेव्हापासून पूजा मी करू लागले. पहाटे टाक धुवायचे, पुसायचे, गंध, फूल, नैवेद्य. चंपाषष्ठीला तळी भरायची, भरीत-रोडगा करायचा. हाताला सवय झाली आणि मला ते आवडायलाही लागलं, घासलेल्या चांदीकडं बघायला कुणाला आवडणार नाही. सासूबाई अंथरुणावरून बघत असायच्या. त्यांना वाटलं, हिची भक्ती आहे. मी ते वाटू दिलं. इथपर्यंत मी जे केलं ते तू केलंस तसंच.

जाण्याआधी पंधरा दिवस, एका रात्री, त्यांनी मला जवळ बसवलं. म्हणाल्या, 'देव कुणाकडं ठेवू याचा विचार करतेय. थोरलीकडं जायला हवेत. पण तू करतेस तसं कुणी करणार नाही. तुझी श्रद्धा आहे ना ग?'

सरळ प्रश्न होता. मी म्हणाले, 'आहे.'

त्या क्षणी मला वाटलं, मी फार चांगलं काम केलं. बाईचा जीव शांत झाला. सकाळी सगळ्यांसमोर त्यांनी सांगितलं, देव धाकटीकडं राहतील. जाऊबाई खाली मान घालून बसल्या होत्या. त्या काही बोलल्या नाहीत.

अकरा वर्षं मी ते टाक सांभाळले. सासूबाई गेल्यावर पूजा हळूहळू आटली. रोजची होती ती गुरुवारची झाली, मग सणाची. टाकांवर काळा थर चढायचा, चंपाषष्ठीच्या आदल्या दिवशी मी चिंच लावून घासून काढायची. मनात म्हणायची, चांदीला काय कळतंय.

मग एका वर्षी जाऊबाई डोळ्याच्या ऑपरेशनसाठी आमच्याकडं राहायला आल्या. दीर तोवर गेले होते. ऑपरेशननंतरच्या पहिल्याच पहाटे मला स्वयंपाकघरातून बारीक बोलणं ऐकू आलं. उठून बघितलं तर जाऊबाई देवघरापुढं बसल्या होत्या, एका डोळ्याला पट्टी, मांडीवर टाक, आणि पदरानं एकेक टाक पुसत त्यांच्याशी बोलत होत्या. तापातून उठलेल्या लेकराशी बोलावं तसं. किती वाळलात, कुणी आंघोळ नाही का घातली, असं. मी दारातच थांबले. त्यांना चाहूल लागली तशा ओशाळल्या. म्हणाल्या, 'आत्याबाईंनी बरोबरच केलं हो. मला मंत्र येत नाहीत, शिक्षण नाही. तुमची भक्ती मोठी, त्या नेहमी म्हणायच्या.'

त्या दिवशी शाळेत मी काय शिकवलं ते मला आठवत नाही. रात्री जेवणं झाल्यावर मी त्यांना खरं सांगितलं. सगळं, तो प्रश्न आणि ते उत्तर. त्या बराच वेळ गप्प होत्या. रागावतील, रडतील, काहीतरी करतील असं वाटलं. त्या एवढंच म्हणाल्या, 'मग अकरा वर्षं मला का नाही दिलेत?'

बाळ, या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडं अजूनही नाही. पट्टी सुटल्यावर त्या एसटीनं गावी गेल्या तेव्हा टाक लाल फडक्यात गुंडाळून मी त्यांच्या ओटीत घातले. पुढं सहा वर्षं त्या जगल्या. ती सहा वर्षं मी परत दिली म्हणून मला बरं वाटत नाही, आधीची अकरा माझ्याकडं राहिली म्हणून टोचतं. त्या रात्रीपर्यंत मी अगदी मनापासून समजत होते, की माझ्या खोट्यानं कुणाचंच नुकसान झालेलं नाही.

तेव्हापासून या बाबतीत मी एकच गोष्ट बघते. मनात काय आहे आणि हात काय करतात, यातलं अंतर बघत नाही, ते प्रत्येकाचं थोडंफार असतंच. माझ्या श्रद्धेच्या भरवशावर कुणी मला काय दिलं, आणि ते घेताना मी कुणाची जागा घेतली, एवढं बघते.

इतिहास शिकवला म्हणून मला या प्रश्नात नेहमी न्यायमूर्ती रानडे दिसतात. तू शाळेत पंचहौद मिशनच्या चहाचं प्रकरण शिकला असशील, पण ते धड्यात चार ओळीत उरकतात. १८९० साली पुण्यात मिशनच्या एका कार्यक्रमाला शहरातली मोठमोठी मंडळी गेली, रानडे होते, टिळक होते, गोखले होते. तिथं चहा-बिस्किटं दिली गेली. मग गोपाळराव जोशी यांनी हजर असलेल्यांची नावं 'पुणे वैभव'त छापून आणली आणि ख्रिस्त्यांच्या हातचा चहा प्यायल्याबद्दल शहर पेटलं. तक्रार शंकराचार्यांपर्यंत गेली, १८९२ साली त्यांनी शास्त्री पाठवून चौकशी केली. ज्यांची नावं आली त्यांच्या घरी श्राद्धाला ब्राह्मण मिळेना, लेकी माहेरी यायच्या बंद झाल्या, बायका-आया रडकुंडीला आल्या. अखेर रानड्यांनी प्रायश्चित्त घेतलं.

रानडे नास्तिक नव्हते हे ध्यानात घे. प्रार्थना समाजाचे होते, देवाची प्रार्थना केल्याशिवाय त्यांचा दिवस जात नसे. पण चहा पिणं हे पाप आणि ते अमुक विधीनं धुतलं जातं, यावर त्यांचा तिळमात्र विश्वास नव्हता. तरी घेतलं, कारण त्यांनी घेतलं तर त्यांच्या मित्रांना घेता येणार होतं आणि त्यांच्या घरांची कोंडी फुटणार होती. रमाबाईंनी आपल्या आठवणींत हा प्रसंग लिहिला आहे. नवऱ्यानं असं केलं याचं त्यांना किती वाईट वाटलं, तेही लिहिलंय. सुधारकांनी तर रानड्यांना फाडून खाल्लं.

मी तरुणपणी वर्गात शिकवताना म्हणायची, रानडे इथं कमी पडले. पुढं वय वाढलं तसं वाटायला लागलं, दुसऱ्याच्या घरातलं रडणं थांबावं म्हणून स्वतःचा कमीपणा पत्करणारा माणूस लहान कसा? आज दोन्ही खरं वाटतं. त्यांनी कुणाला फसवलं नाही, हे नक्की. त्यांचं मत काय आहे हे सगळ्या पुण्याला माहीत होतं, प्रायश्चित्त घेताना त्यांनी ते मागं घेतलं नाही. पण त्यांच्याकडं बघून जे उभे होते, ज्यांना रानड्यांइतकं नाव नव्हतं, पैसा नव्हता, त्यांच्या पायाखालची जमीन त्या दिवशी थोडी सरकली असणार. शिवाय हे पहिल्यांदा घडत नव्हतं. १८७३ साली पहिली पत्नी गेल्यावर, विधवाविवाहाचा पुरस्कार करणाऱ्या याच माणसानं वडिलांच्या हट्टापुढं मान तुकवून अकरा वर्षांच्या कुमारिकेशी लग्न केलं होतं. वडिलांचं मन राखलं गेलं. किंमत त्यांच्याशी जिचं लग्न होऊ शकलं असतं अशा कुणा विधवेनं दिली, आणि तिचं नावही आपल्याला माहीत नाही.

त्याच पुण्यात आगरकर होते. ते वाकले नाहीत, आणि कर्मठांनी त्यांच्या जिवंतपणी त्यांची प्रेतयात्रा काढली. १८९५ साली गेले तेव्हा चाळिशीही गाठली नव्हती. सगळ्यांनी आगरकर व्हावं असं मी तुला कधी सांगणार नाही. मला स्वतःला ते जमलं नाही.

आणि जिथं खरं बोललं तर जीव जातो, तिथं ढोंगाचा दोष ढोंग करणाऱ्याचा नसतो, हेही मनात पक्कं ठेव. गार्सिया दा ओर्ता या पोर्तुगीज वैद्याचं नाव तू ऐकलं नसशील. १५३४ साली तो गोव्यात आला. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहावर त्यानं उपचार केले. मुंबई बेट त्याच्याकडं खंडानं होतं, तिथल्या आंब्यांचं वर्णन त्यानं लिहून ठेवलंय. इकडच्या औषधी वनस्पतींवरचा त्याचा मोठा ग्रंथ १५६३ साली गोव्यात छापला गेला. आयुष्यभर तो कॅथलिक म्हणून वावरला. त्याचे आईवडील स्पेनमधून हाकललेले ज्यू, पोर्तुगालमध्ये जबरदस्तीनं बाटवलेले. १५६० साली गोव्यात इन्क्विझिशन आलं, धर्मद्रोह हुडकून काढणारं न्यायालय. ओर्ता १५६८ साली गेला, आणि पुढच्याच वर्षी त्याच्या बहिणीला, कातारिनाला, लपून ज्यू धर्म पाळल्याबद्दल जिवंत जाळलं. तेवढ्यानं भागलं नाही. १५८० साली ओर्ताची हाडं थडग्यातून उकरून काढली आणि तीही जाळली.

पुढं याच न्यायालयानं बाटलेल्या गोवेकरांच्या घरातला भात तपासला. १७३६ च्या फर्मानात मीठ न घालता भात शिजवायला बंदी होती, कारण तशी हिंदूंची रीत. आता सांग, जी बाई शेजारीण बघेल म्हणून भाताच्या आधणात मीठ टाकत होती, तिला आपण खोटारडी म्हणायचं का? तिच्या आयुष्यात खोटं शिरलं ते दुसऱ्यानं तलवारीच्या टोकानं शिरवलं. हे प्रकरण मी फार वर्षं शिकवलं आणि प्रत्येक वेळी माझा आवाज बदलायचा.

कायदाही कधी कधी हेच करतो. १८७२ साली आपल्याकडं नोंदणी विवाहाचा कायदा झाला, तो असा, की त्याखाली लग्न करायचं तर वधूवरांनी लिहून द्यायचं, की आम्ही हिंदू नाही, मुसलमान नाही, ख्रिस्ती, ज्यू, पारशी, बौद्ध, शीख, जैन, कुणीच नाही. जात सोडून लग्न करू पाहणाऱ्या पण देवाला मानणाऱ्या माणसांना सरकारी कागदावर नास्तिक व्हावं लागे. हिंदू, बौद्ध, शीख, जैन यांच्यापुरती ती सक्ती १९२३ साली सुटली, आणि १९५४ च्या विशेष विवाह कायद्यात ती राहिलीच नाही. मधली पन्नास वर्षं किती जोडप्यांनी लग्नाचा पहिलाच कागद खोटा लिहिला असेल.

हे तुला एवढं सांगितलं ते अशासाठी, की तू पत्रात लिहितोस, 'आजी, मला दुसरा मार्गच नाही.' आहे रे. आबांच्या हातात माळ आहे, मशाल नाही. ते तुला घराबाहेर काढणार नाहीत. तुझं त्यांच्याशी असलेलं नातं कुठल्या शंकराचार्यांना तोडता येणार नाही. तुला भीती वाटते ती त्यांचा चेहरा पडलेला बघायची. ती भीती मी समजू शकते, त्या रात्री मलाही तीच होती. पण ती ओर्ताची भीती नव्हे, रानड्यांचीही नव्हे, आणि तिला त्यांच्या पंक्तीला बसवू नकोस.

बाबासाहेबांनी १९३५ साली येवल्याला जाहीर केलं, की हिंदू म्हणून मी मरणार नाही. दीक्षा घेतली १९५६ साली, नागपूरला. मधे एकवीस वर्षं गेली. या एकवीस वर्षांत दुसऱ्या धर्मांची माणसं त्यांना आपल्याकडं या म्हणत होती. पटल्याशिवाय त्यांनी कुठल्याच धर्माच्या दारात पाऊल ठेवलं नाही, आणि पटलं तेव्हा लाखो लोकांसमोर बावीस प्रतिज्ञा मोठ्यानं उच्चारल्या. धर्माची शपथ किती जड असते, हे ती घाईनं न घेणाऱ्यालाच जास्त कळलेलं असतं असं मला वाटतं.

तू म्हणशील, आबांना आता या वयात दुखवायचं? तर बाळ, आधी आबांना नीट ओळख. पन्नास वर्षं वारी केलेला माणूस तू समजतोस तेवढा कच्चा नाही. त्यांच्या संप्रदायातले संत विठ्ठलाशी कडाकडा भांडलेत, त्याला नाही नाही ते बोललेत. जनाबाईनं त्याला शिव्या घातल्यात. तुकोबांनी दांभिकांवर जितका कोरडा ओढला, तितका न मानणाऱ्यांवर ओढला नाही. हे सगळं आबांना पाठ आहे. शिवाय माळ हे काय प्रकरण आहे ते त्यांच्याइतकं कुणाला माहीत? त्यांच्याकडं कुणी तरुण माळ घालायची म्हणून आला, की ते स्वतःच त्याला परत पाठवायचे. 'माळ घालायची तर पाळायची. झेपत नसेल तर घालू नको, नुसता चालत जा,' असं सांगताना मी त्यांना माझ्या कानांनी ऐकलंय. तुला नकार द्यायला त्यांनीच शब्द शिकवून ठेवलेत. देव आहे का नाही या वादात शिरूच नकोस, त्यांनी तो प्रश्न विचारलेला नाही. 'आबा, माळ मला पेलणार नाही, आणि तुमच्या हातून घालून घेऊन मी ती मोडणार नाही,' एवढं म्हण. पुढं त्यांनी विचारलं, की मग हरिपाठ का म्हणतोस, तर तेही खरंच सांग. तुमच्याशेजारी बसायला आवडतं म्हणून. मला वाटतं, ते गप्प होतील. कदाचित दोन-तीन शनिवार तुझ्याशी नीट बोलणारही नाहीत. ते सोसायला लागेल. त्यांच्या समाधानासाठी तू तुझी शनिवारची सुट्टी दिलीस, दोन वर्षं दिलीस, हेही देता येईल.

आणखी एक गोष्ट तुझ्या पत्रात आहे, ती तुला लिहिताना जाणवली नसेल. तू तीन ठिकाणी तुझ्या चुलतबहिणीचा उल्लेख केलायस. ती हरिपाठाला आत ओसरीच्या दाराशी बसते, पुस्तक न बघता सगळे अभंग म्हणते, एकादशीला तिचा उपवास असतो आणि त्याबद्दल ती कुणाला सांगत नाही. वारीत यंदाही ती बायकांच्या मेळ्यातून तरडगावच्या पुढं, थेट फलटणपर्यंत चालत गेली, असं तू जाता जाता लिहून गेलास. आबांचं लक्ष तिच्याकडं नाही. नातवाच्या पाठीआड नात दिसत नाही, आपल्या घरांतून हे नेहमीचंच आहे. पण तू समोरून बाजूला झालास तर दिसेल. ती माळ मागेल का, तिला ती हवी आहे का, हे मला माहीत नाही, आणि तूही तिच्या वतीनं काही बोलू नकोस. फक्त आबांना उत्तर देशील तेव्हा ती घरात असेल असं बघ.

मला जाऊबाई आठवतात, खाली मान घालून बसलेल्या. त्या दिवशी मी एक वाक्य खरं बोलले असते, तर त्यांना मान वर करता आली असती.

येत्या शनिवारी मी लोणंदला येते. वाईहून सकाळची एसटी आहे, दुपारपर्यंत पोचेन. दाजींना माझ्या हातची बाजरीची भाकरी आणि मेथी आवडते, संध्याकाळचा स्वयंपाक मी बघेन. हरिपाठ होईपर्यंत तू विषय काढू नकोस, आरती झाली की ते जरा सैल होतात, पान लावायला घेतात, तेव्हा जवळ जाऊन बस. मी स्वयंपाकघरातच असेन. मधे बोलायला येणार नाही.

येताना त्यांच्या गुडघ्याचा पट्टा आण, जुना सैल झालाय म्हणत होते.

तुझी,
मावशीआजी